“दिवसभर व्यायामच तर करतो, मॅडम”: पाळी जाण्याच्या वयात कामाच्या जागी करायचा व्यायाम

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये मार्चमध्ये मला बोलावलं होतं. महिला दिनाचं निमित्त. बोलावणाऱ्यांच्या डोक्यात ‘बायकांना जरा योगा शिकवा’ एवढंच होतं. जेवणाच्या सुट्टीत पंधरा-सोळा जणी कट्ट्यांच्या, म्हणजे डाळीच्या पोत्यांच्या, थप्पीला टेकून बसल्या होत्या, बहुतेक 45 ते 55 वयाच्या. डबे धुऊन झालेले, डोक्याला रुमाल, भुवयांवर डाळीची पिवळी भुकटी. मी फिजिओथेरपिस्ट आहे असं सांगून व्यायामाचं नाव काढलं आणि सगळ्या हसायला लागल्या. एक म्हणाली, “दिवसभर व्यायामच तर करतो, मॅडम. अजून कोणता करायचा?”

तिचं अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख आहे.

आधी शरीरात काय चाललेलं असतं ते बघू. पाळी एका दिवसात जात नाही. आधीची काही वर्षं ती पुढे-मागे होते, कधी दोन महिने येतच नाही, कधी आली की थांबत नाही. सलग 12 महिने आली नाही की डॉक्टर म्हणतात, रजोनिवृत्ती झाली. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी 51व्या वर्षाच्या आसपास होतं, आपल्याकडे 46-47ला. म्हणजे आपल्या बाईला इस्ट्रोजेनशिवाय, म्हणजे बीजकोशांत तयार होणाऱ्या संप्रेरकाशिवाय, काढायची वर्षं जास्त, आणि ती सुरू होतात ऐन कामाच्या वयात. मुलीचं लग्न व्हायचं असतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, नोकरी किंवा मजुरी चालूच असते. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांचं गणित अजून वेगळं. बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. ठेवले असतील तरी ते थोडे लवकर थकतात. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींना पिशवीबरोबर बीजकोश काढले की ठेवले हेच माहीत नसतं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद शोधून ठेवा.

आता अंगाची आग. आमच्याकडे बाया म्हणतात, “आंगनी लाही लाही व्हस वं माय.” इस्त्रीला जसा थर्मोस्टॅट असतो, तसा मेंदूत शरीराच्या तापमानाचा एक नियंत्रक असतो. एरवी तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो दुर्लक्ष करतो. इस्ट्रोजेन घटलं की त्याची ही सहनशक्ती कमी होते. चहाचा एक घोट, चुलीची धग, साहेबांचा आवाज, एवढ्याशा निमित्तानं तो ठरवतो की बाई तापली, आणि सगळी यंत्रणा एकदम सुरू करतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि लगेच मागोमाग थंडी वाजते. एक ते पाच मिनिटांचा खेळ असतो, पण रात्री तीनदा झाला तर सकाळची पाळी करणारी बाई कामावर येते ती अर्धी झोपेतच.

आग निदान कळते तरी. हाडांचं काही कळतच नाही, म्हणून त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

हाड मेलेलं लाकूड नव्हे. मातीच्या घराची डागडुजी सतत चालते ना, एकीकडे सुटलेला गिलावा खरवडायचा, दुसरीकडे नवा लिंपायचा, तसंच हाडात चालतं. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, लिंपणाऱ्या वेगळ्या. खरवडणाऱ्यांना इस्ट्रोजेन आवरून धरतं. ते गेलं की त्या मोकाट सुटतात आणि लिंपणाऱ्या त्यांना गाठू शकत नाहीत. पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं मणक्याचं हाड वर्षाला साधारण 2 टक्क्यांनी विरळ होऊ शकतं. दुखत नाही, सुजत नाही. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय सरकतो आणि हात टेकवला तर मनगट मोडतं.

लिंपणाऱ्या पेशींना कामाला लावायचं एक साधन आपल्या हातात आहे, ते म्हणजे भार. पण कोणताही भार नाही. हाडाला सवयीचं ओझं ऐकू येत नाही. जी बाई वीस वर्षं रोज तेच सूप, तीच घागर, तोच कट्टा उचलते, तिच्या हाडानं त्या ओझ्याशी कधीच जुळवून घेतलेलं असतं. हाड जागं होतं ते नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेच्या आणि झटक्यात येणाऱ्या भारानं. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ठरावीक ठोक्यांनंतर हाडाच्या पेशी प्रतिसाद देईनाशा होतात, मध्ये विश्रांती दिली की परत ऐकू लागतात. म्हणजे हजार वेळा तेच करण्यापेक्षा दहा वेळा जोरात करून थांबणं हाडाला पोचतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या 101 बायका घेतल्या. काहींना आठवड्यातून दोनदा, 30-30 मिनिटं, देखरेखीखाली बऱ्यापैकी जड वजनं उचलायला लावली. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम दिला. 8 महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता साधारण 3 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची टक्काभर घटली. देखरेखीखाली हे शब्द विसरू नका. हे वाचून कोणी उद्या सिलिंडर उचलायला जाऊ नये.

स्नायू, पोटाचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल यांचंही याच वयात बिघडतं. स्नायू घटतात, चरबी मांडीवरून पोटावर सरकते, तीच दादर ज्वारीची भाकरी पूर्वीइतकीच खाऊनही वजन वाढतं. ‘मी खाते तरी काय’ असं विचारणाऱ्या बाईला खोटं ठरवू नये. ती खरंच बोलत असते.

तर दालमिलमधल्या बाईचं बरोबर कुठे आणि चूक कुठे? 1953 मध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. हृदयविकार कंडक्टरांना कमी होत होता. सगळे पुरुषच होते, पण मुद्दा लक्षात आला, कामातली हालचाल उपयोगी पडते. जळगाव-चोपडा एसटीत तिकिटं फाडत मागे-पुढे करणारी कंडक्टर ताई त्या बाबतीत काउंटरवर बसून काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीपेक्षा पुढे आहे.

पण 2021 मध्ये कोपनहेगनच्या एक लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासातून दुसरी बाजू समोर आली. मोकळ्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी. कामावर मात्र अंगमेहनत जितकी जास्त, तितका धोका जास्त. बायकांतही आणि पुरुषांतही. हे उलटसुलट वाटतं, पण कारणं बघितली की पटतं. राबण्यात जोर असतो मध्यम किंवा त्याहून कमी, पण तो आठ-दहा तास चालतो. हृदयाला ताकद यावी इतका तो जास्त नसतो, आणि नाडी-रक्तदाब खाली यावेत इतका कमीही नसतो. एकाच बाजूनं, एकाच ढंगानं. थांबायचं कधी ते दुसरा ठरवतो. घरी गेल्यावर विश्रांतीच्या जागी चूल. मॉरिसचा कंडक्टर जिना चढून थांबत होता. आमची बाई उभी राहते ती उभीच राहते.

म्हणून मी कामाच्या जागी व्यायाम सांगताना आधी काम बघते. सगळ्यांना एकच पाठ देऊन मोकळं व्हायचं, ही महिला दिनाची पद्धत मला मान्य नाही. कामात जे मिळत नाही ते व्यायामात द्यायचं.

दालमिलमध्ये निवडायला आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते. तिला हवं मागे ताणणं आणि पायावर उभं राहून जोर लावणं. तिला अजून वाकायला लावणारी आसनं शिकवू नयेत. विरळ झालेल्या मणक्याला जोरानं पुढे वाकणं तसंही धोक्याचं. रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया हौदाशी उभ्या असतात. फण्या धुवायच्या, पुसायच्या, 13 किलोची पेटी भरायची. हात ओले, पाय ओल्यात, संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या. त्यांना पोटरीचा पंप चालू ठेवणं आणि मध्ये बसणं हाच पहिला उपचार. बँकेत, पंचायत समितीत, शाळेच्या ऑफिसात बसणारीला मात्र भार हवा, जिने हवेत, दम लागायला हवा. कापूस वेचणारीला ओटीत भरलेल्या कापसाचं वजन दिवसभर कमरेच्या पुढे लटकवायचं असतं. तिला दर फेरीला ओटी रिकामी करायची मुभा मिळाली तर कोणत्याही आसनापेक्षा जास्त फरक पडेल.

आता प्रत्यक्ष व्यायाम. एकच निवडायचा झाला तर मी उठबस निवडेन. शिक्षा म्हणून काढतात ती नव्हे, खुर्चीवरची. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, चाकांची घ्यायची नाही. पुढच्या कडेवर बसायचं, पावलं खांद्यांइतकी लांब, हाताची घडी छातीवर. हात न टेकता उठायचं, आणि बसताना मनात 1-2-3 म्हणत सावकाश खाली यायचं. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया, कारण खाली येताना स्नायू लांबत-लांबत जोर लावतात आणि ताकद तिथेच येते. दहा वेळा करून थांबायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी किंवा घडी केलेलं पोतं ठेवून उंची वाढवा. आठवड्यानं उंची कमी करा. अमेरिकेत वृद्धांची पडण्याची शक्यता तपासायला हीच उठबस वापरतात. 60 ते 64 वयाच्या बाईला 30 सेकंदांत 12 जमल्या पाहिजेत, असं त्यांचं माप. दालमिलमध्ये मी घड्याळ लावून बघितलं. 52 वर्षांची, दिवसभर पोती शिवणारी एक बाई 9ला थांबली आणि ओशाळून म्हणाली, “पाय माझेच आहेत ना, मॅडम?” तिचे हात लोखंडासारखे होते. मांड्यांना कामात कधी बोलावलंच नव्हतं.

दुसरं, टाचा उचलणं. टेबल, हौदाची कड किंवा कपाट धरून चवड्यांवर वर जायचं, क्षणभर थांबून खाली. 15-20 वेळा. पोटरीतलं साचलेलं रक्त वर ढकललं जातं, पाय हलके होतात. तोल चांगला असेल तर एका पायावर करा. उभं राहून काम करणारीला तासातून एकदा हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. हात कामात असतानाही होतं.

खांदे-छातीसाठी भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीवर, कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्यायची आणि मागे ढकलायचं. दालमिलमध्ये भिंत खरबरीत म्हणून आम्ही थप्पीच्याच कट्ट्यांना ढकललं. त्याच्या उलट म्हणून दोन्ही कोपरं मागे ओढून पाठीची पाती एकमेकांजवळ आणायची, पाच अंक धरायची. ओझं उचलणं टळणार नसेल तर निदान दोन हातांत सारखं वाटून घ्या. एका खांद्याला 8 किलो यापेक्षा दोन हातांत 4-4.

झटक्याच्या भारासाठी जिना उत्तम. वर भरभर चढायचं, उतरताना कठडा धरायचा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागला की समजा जोर योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिलेलं माप आठवड्याला 150 ते 300 मिनिटं अशा दमाची हालचाल, वर दोन दिवस ताकदीचा व्यायाम. ती मिनिटं सलगच असावी लागतात असं आता कोणी म्हणत नाही. दोन-दोन मिनिटंही जमा होतात.

आणि फुगडी! आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी आणि फुगड्या होतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून बघितलं तर फुगडीत मुठीची पकड, मांड्यांचा जोर, तोल, हाडाला बसणारे झटके आणि चढणारा दम असं सगळं एका वेळी मिळतं. तरीही चाळिशीनंतर बाया कडेला बसून टाळ्या वाजवतात. “आता शोभत नाही” असं म्हणतात. त्या दालमिलमध्ये मी विचारलं, फुगडी का सोडली? थोडा वेळ कोणी बोलेना. मग एकीनं पदर तोंडाशी नेऊन सांगितलं, “उडी मारली की थेंब येतात.” त्यानंतर सातजणींनी माना हलवल्या.

खोकताना, हसताना, पोतं उचलताना लघवीचे थेंब येणं या वयात फार आढळतं. बाळंतपणांत ताणलेला ओटीपोटाचा तळ आणि इस्ट्रोजेन कमी झाल्यानं पातळ झालेलं अस्तर, दोन्ही मिळून हे होतं. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 मध्ये त्यासाठीचा व्यायाम मांडला. वारा सरायला आलाय आणि चारचौघांत रोखायचाय, अशी कल्पना करून आतले स्नायू वर ओढायचे. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. पाच-सहा अंक धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. लघवी करतानाच धार अडवून सराव करू नये. काउंटरवर बसून, एसटीत उभं राहून, डाळ निवडताना, कोणाला पत्ता लागत नाही असा हा एकमेव व्यायाम आहे. पोतं उचलायच्या किंवा खोकायच्या आधी क्षणभर तळ आवळायची सवय लागली की फरक लवकर दिसतो.

यानं अंगाची आग थांबेल का? इथे मी गोड बोलणार नाही. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीनं 2023 मध्ये संप्रेरकांशिवायच्या उपायांचा आढावा घेतला, त्यात आगीवरचा उपाय म्हणून व्यायामाची शिफारस नाही. पुरावा पुरेसा नाही. झोप, मन, साखर, हृदय, हाडं, तोल यांना व्यायाम नक्की मदत करतो, आणि वाढलेलं वजन उतरलं तर आगही कमी होऊ शकते. ‘प्राणायाम करा, पंधरा दिवसांत हॉट फ्लॅश गायब’ असं सांगणारा व्हिडिओ पाहिला तर पुढे ढकला, मैत्रिणीला नव्हे, स्क्रीनवर. आग असह्य होत असेल तर डॉक्टरांकडे चांगली औषधं आहेत.

उलट व्यायामानं अंग तापतं आणि त्यानं आगीचा एखादा झटका येऊही शकतो. म्हणून पंख्याखाली, सुती कपड्यांत, थोडं थोडं. आणि आपल्याकडे तर मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता उठबशा काढायला लावणं हा अपराध आहे. होळीनंतर पावसाळा लागेपर्यंत व्यायाम कामाची पाळी सुरू होताना, सकाळीच. दुपारी फक्त तळ आवळणं आणि टाचा. गरगरलं, डोकं ठणकलं, घाम येणं बंद झालं तर व्यायाम नाही, काम पण नाही. सावली, ओला कपडा, पाणी, आणि बरं वाटेना तर दवाखाना.

पाण्यावरून आठवलं. त्या दालमिलमधल्या बाया सकाळी दहानंतर पाणी पीत नव्हत्या. बायकांचा संडास गेटपलीकडे, त्याची कडी तुटलेली. मालकांना मी सांगितलं की व्यायामाआधी कडी बसवा. त्यांना वाटलं मी विषय बदलतेय. तहानलेल्या बाईची लघवी गडद होते, जळजळ वाढते, आग जास्त जाणवते, पोटऱ्यांत गोळे येतात. कडीची किंमत शंभर रुपये. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी हे तर 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 44 मध्येच सांगितलं होतं. त्यात मेहेरबानी कसली? जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर कवायतीचं संगीत लागतं आणि कित्येक कारखान्यांत सगळे कामगार, साहेबांसकट, काही मिनिटं हात-पाय हलवतात. इथे साहेब मोबाईलवर बायकांचा व्हिडिओ काढत उभे होते. मी त्यांनाही उठबस करायला लावली. 11 झाल्या.

काही जणींनी आधी डॉक्टरांना भेटूनच सुरुवात करावी. छातीत दुखतं, थोड्या कामानं धाप लागते, रक्तदाब आटोक्यात नाही, अंग बाहेर येतं, हलक्या धक्क्यानं हाड मोडलंय, उंची कमी झाल्यासारखी वाटते, अशा सगळ्यांनी. त्यांना उड्या आणि फुगडी नको, बाकीचं बरंच चालतं. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर ते ‘पाळी परत आली’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

दालमिलमध्ये आता दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं मिळाली आहेत. सुट्टीतून नाही, कामाच्या वेळेतून, यावर मी अडून बसले होते. 9 वर थांबलेली बाई परवा 13 पर्यंत गेली. कडी बसली, पण आतून लागत नाही, बाहेरून लागते. मुकादमाला दोन गोष्टी सांगून आले आहे. ती कडी फिरवून बसव, आणि मंगळवारी थप्पीजवळची जागा आधी झाडून ठेव. तिथे हरभऱ्याची डाळ सांडलेली असते आणि तिच्यावरून पाय हमखास घसरतो.